जरा सरकून घ्या : प्रस्तावना

दवाखान्यात मुलाला घेऊन आलेली आई बहुतेक वेळा आधी मोबाईल पुढे करते. फोटो बालवाडीच्या गॅदरिंगमधला असतो. बारीक, पांढरे, एका ओळीतले दात आणि तोंडभर हसू. मग त्याच मुलाची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं जातं. ‘आणि आता बघा.’ आता वय आठ. वर फावड्यांएवढे दोन दात, त्यांच्यामध्ये फट, शेजारचे दोन बाहेरच्या अंगाला कललेले. खाली तर एक दात रांग सोडून जिभेच्या बाजूला उगवलेला. ‘इतके छान दात होते हो डॉक्टर. कुठे बिघडलं?’

बहुधा काहीच बिघडलेलं नसतं. तोंडात काम चालू असतं, आणि काम चालू असलेला रस्ता जसा दिसतो तसेच हे दात दिसतात. आमच्या ठाकुर्लीच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

साधारण सहाव्या वर्षी हे काम सुरू होतं आणि बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत चालतं. तेवढ्या काळात दुधाचे २० दात जातात आणि पक्के २८ येतात. अक्कलदाढा पुढे सवडीने येतात, कुणाकुणाला येतही नाहीत. याच काळात जबडा वाढतो, ओठ-गालांची ठेवण बदलते आणि तोंडातला प्रत्येक दात थोडा थोडा सरकत राहतो. ही पुस्तिका त्या सरकण्याबद्दल आहे. ती लिहावीशी वाटली याचं एक कारण म्हणजे तेच ते प्रश्न वर्षानुवर्षं ऐकले. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. पालकांची काळजी भलत्याच जागी असते. पुढचे दात पाहून ते घाबरून येतात आणि मागच्या दाढांकडे ढुंकून बघत नाहीत. मी रोज पाहते ते याच्या उलट. पुढचं वाकडेपण पुष्कळदा आपलं आपण निस्तरतं. जे निस्तरत नाही, त्याचं मूळ अनेकदा मागच्या एखाद्या किडक्या दाढेत सापडतं.

दातांची नावं मी शाळेच्या पुस्तकातलीच ठेवली आहेत : पटाशीचे दात, सुळे, उपदाढा, दाढा. पटाशी हे सुताराचं हत्यार, लाकूड तासणारं. पण हल्ली फर्निचर बनूनच घरात येतं, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या मुलांना पटाशी हा शब्द दाताचाच वाटतो. एक गोष्ट मोठ्यांनाही सहसा ठाऊक नसते. दुधाच्या दातांत उपदाढा नसतातच. दुधाच्या दाढा पडतात आणि त्यांच्या जागी उपदाढा येतात. खऱ्या पक्क्या दाढा कुणाच्याच जागेवर येत नाहीत. त्या रांगेच्या मागे, जबडा वाढून झालेल्या नव्या जागेत उगवतात.

दाताला संस्कृतात द्विज म्हणतात, दोनदा जन्मलेला. बालरोगांवरच्या काश्यपसंहितेत दातांच्या जन्मावर एक वेगळा अध्यायच आहे. माणसाच्या ३२ दातांपैकी ८ एकदाच येतात आणि बाकीचे दोनदा, असा हिशेब तिथे मांडला आहे. आजच्या मोजणीने एकदाच येणारे दात १२ भरतात, चारही कोपऱ्यांत तीन-तीन दाढा. हिशेबात चारची तफावत आहे. त्या चार दाढा नजरेतून कशा सुटल्या असतील याचा मला अंदाज करता येतो, कारण आजच्या आयांच्याही नजरेतून नेमक्या चार दाढा सुटतात. त्यांच्याकडे पुढे येतेच.

दात वर कशाच्या जोरावर येतो? मूळ लांबत जातं आणि दाताला वर ढकलतं, असं आम्हालाही एके काळी वाटायचं. १९८० च्या दशकात अमेरिकेत केहिल आणि मार्क्स या दोघांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग केले. जबड्यात उगवण्याच्या बेतात असलेला दात काढून घेतला आणि त्याच्याभोवतीची पातळ पिशवी जागच्या जागी ठेवून तिच्यात धातूची हुबेहूब प्रतिकृती बसवली. धातूचा तो तुकडाही दातासारखा वर आला. म्हणजे वाट काढण्याचं काम दाताचं नाही, त्या पिशवीचं आहे. वरचं हाड विरघळवायचं, खाली नवं हाड भरायचं आणि दुधाच्या दाताचं मूळ झिजत जायचं, हे सगळं त्याच सुमाराला घडत असतं. म्हणून पडलेला दुधाचा दात बुडाशी पोकळ, बिनमुळाचा दिसतो. ‘मूळ आत तुटून राहिलं का?’ असा फोन मला आठवड्याला एकदा तरी येतोच. मूळ राहिलेलं नसतं, ते विरघळून गेलेलं असतं.

दाताचं हे वर चढणं बहुतेक रात्री चालतं, हे मला फार आवडतं. नॉर्थ कॅरोलायनात विल्यम प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात उपदाढा उगवताना सूक्ष्म कॅमेऱ्याने रात्र-रात्रभर न्याहाळल्या. दात संध्याकाळी आठच्या सुमारास वर चढू लागायचा, मध्यरात्रीपर्यंत चढायचा आणि पहाटे थांबायचा. दिवसा जेमतेम हालचाल. आमच्या फलाटावर मुंबईहून परतणारी गर्दी उतरत असते, त्याच वेळात घरी झोपलेल्या पोराच्या हिरडीत दात पुढे सरकत असतो.

आता जागेचा प्रश्न. ठाकुर्ली हे डोंबिवली आणि कल्याण यांच्या मधलं स्टेशन. जलद लोकल इथे थांबत नाही. एके काळी गाव ओळखलं जायचं ते रेल्वेच्या चोळा पॉवर हाउसमुळे. विजेवर धावणाऱ्या गाड्यांना वीज देणारं ते केंद्र बंद पडलं, त्यालाही आता खूप वर्षं झाली. नव्वद फुटी रस्त्यालगत टॉवर उभे राहिले, माणसं वाढली आणि स्लो लोकलची गर्दीही वाढली. तिघांच्या बाकावर चौथा बसतो तो ‘जरा सरकून घ्या’ एवढ्या तीन शब्दांवर. जबड्यातलं गणित याहून फारसं वेगळं नाही, म्हणून पुस्तिकेभर मी लोकलचीच उदाहरणं वापरली आहेत. कंटाळा आला तर माफ करा.

पुढच्या बाकाचा हिशेब असा. वरच्या चार पक्क्या पटाशीच्या दातांना त्यांच्या आधीच्या चार दुधाच्या दातांपेक्षा सरासरी ७.६ मिलिमीटर जागा जास्त लागते. खालच्या चारांना ६ मिलिमीटर. चार पोरं बसली होती तिथे चार पहिलवान बसवायचे. ही जागा तीन ठिकाणांहून येते. दुधाच्या दातांमधल्या फटी, दोन्ही सुळ्यांच्या दरम्यान रुंदावणारा जबडा, आणि नवे दात थोडे बाहेर झुकून येतात त्यामुळे मोठा होणारा घेर. म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलाच्या दातांत फटी दिसल्या तर ती शिल्लक समजायची. आपण मात्र उलटंच करतो. एकाला एक लागलेले, ‘मोत्यासारखे’ दुधाचे दात पाहून कौतुक करतो आणि फटीचे दात पाहून चुकचुकतो. गॅदरिंगच्या फोटोतला तो सुंदर चेहरा मला म्हणूनच कधी कधी धास्ती घालतो.

खालच्या पटाशीच्या दातांना दुधाच्या दातांमागून, जिभेच्या बाजूने उगवायची सवय असते. दुधाचा दात अजून उभा आणि त्याच्या मागे नवा, अशी दुहेरी रांग दिसली की घरात गोंधळ उडतो. पुढचा दात हलत असेल तर वाट बघावी. तो पडला की नव्याला जागा मोकळी होते आणि त्याला पुढे ढकलायला जीभ असतेच. आपल्याकडे आज्या मुलांना दटावतात, ‘पडलेल्या दाताच्या जागी जीभ लावू नकोस, दात वाकडा येईल.’ माझ्या आजीनेही मला हेच बजावलं होतं. खरं तर या नव्या दाताला रांगेत आणायचं बरंचसं श्रेय त्याच जिभेला जातं. आतून जीभ आणि बाहेरून ओठ-गाल यांच्या दाबांचा जिथे समतोल होतो तिथे दात स्थिरावतो. इथे जोर नव्हे, वेळ मोजायची. जेवताना दातांवर प्रचंड जोर येतो, पण तो क्षणभराचा. विसावलेल्या जिभेचा हलका दाब तासन्‌तास राहतो आणि दात त्याचं ऐकतो. अंगठा चोखण्याचंही असंच. झोपेत चार-सहा तास तोंडात राहणारा अंगठा दिवसा पाच मिनिटं जोरात चोखलेल्या अंगठ्यापेक्षा जास्त काम करतो. ही सवय पक्के पटाशीचे दात यायच्या आत सुटली, तर झालेला बदल पुष्कळसा परत जातो. आजीला अगदीच खोटं पाडत नाही मी. गिळताना प्रत्येक वेळी जीभ दातांच्या मधून बाहेर काढणारी मुलंही असतात, त्यांच्यावर वेगळं प्रकरण आहे.

दुधाचा दात मुळीच हलत नसेल आणि मागचा चांगला अर्धाअधिक वर आला असेल, तर मात्र दाखवायला आणा. दोरा बांधून दाराला लावायचे प्रयोग करू नका. हलणारा दात मूल स्वतःच जिभेने काढतं, आणि त्यात त्याला जो आनंद होतो तो हिरावून घ्यायचं काही कारण नाही.

वरच्या दातांतल्या फटीबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते. आठ-नऊ वर्षांचं मूल, समोरच्या दोन दातांत फट, बाजूचे दात पंख्यासारखे फाकलेले. क्लीव्हलँडच्या हॉली ब्रॉडबेंट यांनी मुलांच्या डोक्यांचे एक्स-रे वर्षानुवर्षं त्याच मापात काढून ही अवस्था समजावून सांगितली आणि १९३७ मध्ये तिला ‘कुरूप बदकपिल्लाचा टप्पा’ म्हटलं. ते पिल्लू गदिमांच्या गाण्यामुळे मराठी घरात सगळ्यांच्या ओळखीचं आहे, त्यामुळे आम्हा डॉक्टरांना हे नाव मराठीत सांगणं सोपं जातं. तरी मला ते खटकतं. मूल खुर्चीत बसून ऐकत असतं आणि बाकी सगळं विसरून ‘कुरूप’ तेवढं लक्षात ठेवतं.

होतं असं की पक्के सुळे त्या वयात अजून वर, जवळजवळ नाकपुडीच्या बाजूला, हाडात असतात. खाली उतरताना ते शेजारच्या दातांच्या मुळांना रेटतात. मुळं आतल्या बाजूला दाबली गेली की दातांचे शेंडे बाहेर फाकतात. सुळा आणखी खाली आला की तोच रेटा मुळांऐवजी दाताच्या बाहेर दिसणाऱ्या भागावर येतो आणि फाकलेले दात एकमेकांकडे येऊ लागतात. अकरा-बाराव्या वर्षी सुळा जागेवर बसतो आणि साधारण दोन मिलिमीटरपर्यंतची फट बहुधा मिटून जाते. त्याआधी, आठव्या-नवव्या वर्षीच तारा बसवून फट मिटवायची घाई केली तर शेजारच्या दाताचं मूळ उतरणाऱ्या सुळ्याच्या वाटेत आडवं यायचा धोका असतो. म्हणून मी ‘थांबा’ म्हणते. आया मात्र ‘डॉक्टरांना काही कळत नाही’ असा चेहरा करून उठतात. फट दोन मिलिमीटरहून मोठी असेल, किंवा दहाव्या वर्षीही वरच्या हिरडीवर बाहेरून बोट फिरवताना सुळ्याचा उंचवटा लागत नसेल, तर एक्स-रे काढून पाहायला हवं.

आता त्या चार दाढा.

सहाव्या वर्षी, कधी पहिला दुधाचा दात पडायच्याही आधी, दुधाच्या शेवटच्या दाढेमागे वर-खाली, डावी-उजवीकडे एकेक दाढ उगवते. काही पडलेलं नसतं, काही हललेलं नसतं, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही. लागला तरी ती दुधाचीच समजली जाते. तिच्यावर खोल खाचा असतात, ब्रश तिथपर्यंत पोचत नाही, चहा-बिस्किटाचा लगदा त्यात बसतो, आणि आठव्या वर्षी तिला कीड लागून मूल आमच्याकडे येतं. ‘पडेल ना ही?’ नाही. ही आयुष्यभरासाठी आलेली आहे. अख्ख्या तोंडाची घडी या चार दाढांवर बसते.

या दाढेच्या पुढे दुधाच्या दोन दाढा असतात, आणि इथे पुढच्या बाकाच्या उलट हिशेब आहे. दुधाच्या दाढा रुंद, त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढा सडपातळ. दुधाचा सुळा आणि दोन दाढा मिळून जेवढी जागा अडवतात, त्यापेक्षा पक्का सुळा आणि दोन उपदाढा यांना कमी लागते. शिल्लक राहते ती खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला सरासरी १.७ मिलिमीटर आणि वरच्या जबड्यात ०.९ मिलिमीटर. हेज नॅन्स या अमेरिकी दंतवैद्याने १९४७ मध्ये हे आकडे मांडले. लठ्ठ माणूस डोंबिवलीला उतरला, त्या जागी बारीक माणूस बसला आणि बाक थोडा मोकळा झाला. मोकळी जागा दिसली की मागचा सरकतोच. सहाव्या वर्षीची दाढही सरकते, आणि खाली जागा जास्त असल्यामुळे खालची दाढ वरचीपेक्षा थोडी अधिक पुढे जाते. तोवर बऱ्याच मुलांच्या वरच्या-खालच्या दाढा अगदी समोरासमोर टेकलेल्या असतात. या दीड मिलिमीटरच्या आसपासच्या सरकण्याने त्या एकमेकींच्या खाचेत बसतात. एवढ्याशा मापावर माणसाचा चावा ठरतो, हे मला अजूनही थोडं अविश्वसनीय वाटतं.

हे सगळं सुरळीत होतं ते दुधाच्या दाढा आपल्या वेळेपर्यंत उभ्या राहिल्या तर. दुसरी दुधाची दाढ पडते दहाव्या ते बाराव्या वर्षी. ती पाचव्या वर्षी किडली आणि ‘दुधाचीच आहे, पडणारच आहे’ म्हणून उपटून टाकली, तर पाच-सहा वर्षं ती जागा रिकामी राहते. रिकामी म्हणायची एवढंच. मागची दाढ हळूहळू त्या जागेत कलंडते. उपदाढ वर येते तेव्हा तिच्या बाकावर दुसराच कुणी बसलेला असतो. वरच्या जबड्यात तर दोन्ही उपदाढांनंतर यायची पाळी बहुधा सुळ्याची असते. त्याला जागाच उरत नाही, म्हणून तो रांगेच्या बाहेर, वर चढून उगवतो, दारात लटकलेल्या माणसासारखा. लोक म्हणतात, सुळा वाकडा आला. मी त्या मुलाची जुनी फाईल काढते तेव्हा अनेकदा त्यात पाच-सहा वर्षांपूर्वी काढलेली दुधाची दाढ सापडते.

म्हणून दुधाची दाढ वाचवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात रटाळ आणि सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. कीड साफ करून सिमेंट भरणं, जास्त खोल गेली असेल तर नस काढून वर टोपी बसवणं, आणि काहीच जमलं नाही तर दाढ काढून तिथे स्पेस मेंटेनर लावणं. स्पेस मेंटेनर म्हणजे शेजारच्या दाढेभोवती एक कडं आणि त्यातून पुढच्या दातापर्यंत गेलेला तारेचा फास. पालकांना मी सांगते, जागेवर टाकलेला रुमाल आहे हा. ठाकुर्लीत यापुढे काही बोलावं लागत नाही. एकच सांगते, की रुमाल टाकून विसरू नका. उपदाढ डोकं वर काढू लागली की तो उचलावा लागतो, आणि तोपर्यंत दर काही महिन्यांनी कडं सैल झालंय का हे पाहावं लागतं.

खर्चाचा विषय मी टाळलेला नाही. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ पासून चालू आहे, आणि खाजगी दर न परवडणाऱ्या कुटुंबांना मी तिथे जायला सांगते. स्लो लोकलने दादर, तिथून पश्चिमेची गाडी. अख्खा दिवस मोडतो, आणि एका खेपेत काम होत नाही, हेही आधीच सांगून ठेवते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पालघरहून झाली. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जाऊन मुलांना तपासतात, आणि तपासायच्या गोष्टींच्या यादीत दातही आहेत. आमच्या भागातली बरीच मुलं खाजगी इंग्रजी शाळांत जातात, तिथे हे पथक येत नाही. अशा मुलांच्या दाढांकडे बघणारं माणूस घरातलंच हवं. टॉर्च मोबाईलमध्ये असतोच.

सगळंच आपोआप सुधारतं असा समज होऊ नये म्हणून हेही लिहिते. वरचा एखादा पुढचा दात तोंड मिटताना खालच्या दाताच्या आत अडकत असेल, तर तो मोठेपणी सुटणार नाही. एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूला त्याचा जोडीदार अजून दिसत नसेल, तर कारण शोधावं. मूल तोंड उघडं टाकून झोपत असेल, घोरत असेल, तर माझ्याआधी नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. बाकी दात उशिरा येण्याची फार चिंता नको. शेजारच्या मुलीचे दात आधी येतात, कारण मुलींचे दात मुलांच्या आधीच येतात. तारखेपेक्षा क्रम महत्त्वाचा.

पडलेल्या दाताचं काय करायचं, हा प्रश्न मुलं विचारतात, पालक नाही. कौलावर टाकायचा म्हणजे उंदीर तो नेतो आणि आपला दात देतो, हे आजीने सांगितलेलं असतं. पण बाराव्या मजल्यावर कौल आणायचं कुठून? एकाने मध्यंतरी यावर तोड काढली. वडिलांबरोबर स्टेशनच्या पुलावरून जाताना त्याने खिशातली पुडी सोडली आणि दात खाली फलाटाच्या पत्र्यावर टाकला. तपासायला आला तेव्हा मला त्याने हे सविस्तर सांगितलं. एकच तक्रार होती. तेवढ्यात फास्ट धडधडत गेली, त्यामुळे दात पत्र्यावर वाजलेला काही ऐकू आला नाही.